यादी कोणाच्या हातात? अनेक भाषांची, अनेक वंशांची एक मंडळी उभी राहते कशी

ख्रिस्ती मंडळीत दोन गटांमध्ये झालेलं पहिलं नोंदलेलं भांडण धर्मसिद्धांतावरून झालं नव्हतं. ते अन्नाच्या वाटपावरून झालं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. यरुशलेमातली मंडळी झपाट्याने वाढत होती आणि तिच्यात दोन प्रकारचे यहूदी होते. एक तिथलेच, अरामी बोलणारे, त्यांना तिथे ‘इब्री’ म्हटलं आहे. दुसऱ्यांची मुळं बाहेरच्या शहरांत, बोली ग्रीक, ते ‘हेल्लेणी’. मंडळी विधवांना रोज अन्न वाटायची. हेल्लेणी कुरकुरू लागले की रोजच्या वाटणीत आमच्या विधवा सुटतात.

कोणी मुद्दाम वगळलं असं मजकुरात कुठेही नाही, आणि मला तरी तसं वाटत नाही. वाटणाऱ्यांना आपल्या भाषेतल्या, आपल्या ओळखीतल्या विधवा नावानिशी ठाऊक असणार. दुसऱ्या भाषेतल्या म्हातारीचं दार कोणतं, ती आजारी आहे की घर बदलून गेली, हे विचारायला भाषाच नाही. वगळण्याची बरीचशी उदाहरणं अशीच असतात. वाईट हेतू लागत नाही, ओळखीची माणसं ओळखीच्यांना आठवत राहिली की पुरतं.

यावर मंडळीचे पुढारी असलेल्या बारा प्रेषितांनी जे केलं ते आजही बघण्यासारखं आहे. ‘आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत, मग ही भाषेची तक्रार कशाला’ असं त्यांनी सुनावलं नाही. सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं तुम्हीच निवडा म्हणाले. निवडलेली माणसं अशी: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावं ग्रीक. आता ग्रीक नाव इब्री माणसाचंही असू शकायचं, बारा प्रेषितांतल्या अंद्रियाचं आणि फिलिप्पाचं होतंच. पण सातपैकी सात हा योगायोग मानणं जड जातं. आणि शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, तो अंत्युखियाहून आलेला, यहूदी धर्म स्वीकारलेला माणूस होता. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाची यादी त्यांच्याच माणसांच्या हातात गेली. फक्त त्यांच्या विधवांची यादी नव्हे, सगळ्यांच्याच विधवांची.

‘सर्वसमावेशक, बहुसांस्कृतिक चर्च’ हा शब्दप्रयोग हल्ली फार ऐकू येतो आणि ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे. त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर ही वाटपाची यादी जवळ ठेवावी. (चर्च म्हणजे इमारत असं बाहेरच्यांना वाटतं. ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा त्याला त्या इमारतीत जमणारी माणसं अभिप्रेत असतात. पुढे तोच शब्द वापरतो.)

चेहरे मोजणं आणि पुढचं

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी ‘बहुवांशिक मंडळी’ची एक कामचलाऊ व्याख्या केली आहे: कोणत्याही एका वंशगटाचे लोक ८० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. मायकेल इमर्सन हे या अभ्यासातलं मोठं नाव. २० टक्क्यांमागचा तर्क साधा आहे. शंभरात तीन माणसं वेगळी असतील तर ती पाहुणी असतात. वीस असतील तर त्यांना एकमेकांशी बोलून एक मत बनवता येतं, आणि ते मत टाळून पुढे जाणं इतरांना अवघड होतं. या मोजमापाने तिथल्या मंडळ्यांपैकी १९९८ साली ६ टक्के बहुवांशिक होत्या, २०१९ साली १६ टक्के. मार्टिन लूथर किंग यांनी १९६० साली एका दूरचित्रवाणी मुलाखतीत रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास असल्याचं म्हटलं होतं. त्या मानाने हा बदल लहान नाही.

पण कोरी एडवर्ड्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा मिश्र मंडळ्यांच्या आत डोकावून पाहिलं, तेव्हा निघालेलं चित्र फारसं सुखावणारं नव्हतं. माणसं मिसळली होती, पण उपासनेची पद्धत, निर्णयाची रीत, काय ‘शोभतं’ आणि काय ‘जास्त होतं’ याचा निकष बहुतेक ठिकाणी गोऱ्या सभासदांच्या सोयीचाच राहिला होता. जुळवून घेण्याचं काम दुसऱ्यांकडे. त्यामुळे फोटोत रंग दिसतात, यादी मात्र पूर्वीच्याच हातात.

फिलाडेल्फियातली एक घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये काळे आणि गोरे एकत्र उपासना करत. इमारतीत गॅलरी बांधायची, नवी जमीन घालायची ठरली तेव्हा काळ्या सभासदांनी भरपूर वर्गणी दिली. काम झालं. त्यानंतर एका रविवारी प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकलेल्या अॅब्सलम जोन्स यांना एका विश्वस्ताने ओढून उठवायला सुरुवात केली, कारण ती जागा त्यांच्यासाठी नव्हती. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्स म्हणाले. तो थांबला नाही. प्रार्थना संपल्यावर सगळे काळे सभासद उठून बाहेर पडले, आपण पैसे घालून केलेल्या त्याच जमिनीवरून चालत. त्यांच्यातल्या रिचर्ड अॅलन यांनी १७९४ साली बेथेल चर्च सुरू केलं आणि १८१६ साली त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. आज कोणी विचारतं, ‘ही वेगळी चर्चेस कशाला?’ त्याचं निम्मं उत्तर त्या गुडघ्यांत आहे.

‘आपापल्या लोकांत बरं’ हा युक्तिवाद

उलट बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नाही. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे मिशनरी १८९७ साली मध्य भारतातल्या दमोह इथे जन्मले आणि त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं इथेच काम केलं. त्यांनी पाहिलं की माणूस एकटा आपली जात, भाषा, नातीगोती तोडून ख्रिस्ती व्हायला सहसा धजत नाही. अख्खा समूह एकत्र आला तर येतो. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला: वंश, भाषा, वर्ग यांची कुंपणं न ओलांडता ख्रिस्ती होता आलं तर लोकांना ते आवडतं, म्हणून एकजिनसी समूहांच्या मंडळ्या वेगाने वाढतात. पुढे अमेरिकेत चर्च वाढवण्याचं एक अख्खं शास्त्र यावर उभं राहिलं.

निरीक्षण म्हणून हे खरं आहे. थकलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत रडता यावं, हे काही पाप नाही. परक्या देशात उतरलेल्यांना आपल्या बोलीची मंडळी हा पहिला आधार असतो: घर, नोकरी, कागदपत्रं, सगळं तिथूनच जमतं. प्रश्न निरीक्षणाचा धर्मनियम झाला की सुरू होतो. कुंपण न ओलांडता आलेला माणूस कुंपणासकटच आत येतो. आपल्याकडे जातीचं कुंपण किती चर्चेसच्या आत, काही ठिकाणी दफनभूमीतही, शाबूत राहिलं हे ख्रिस्ती वाचकाला सांगायची गरज नाही.

सोयीची पायरी कशी घसरते याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने १८२९ साली ठरवलं होतं की प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) रंगभेद न करता सर्वांना एकत्रच द्यायचं. गोऱ्या सभासदांची कुरबुर थांबली नाही. मग १८५७ सालच्या सभेने म्हटलं की एकत्र उपासना हीच शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी व्यवस्था चालेल. शब्द बघा: तत्त्व जागेवर ठेवलं, सवलत तेवढी दिली. १८८१ साली मिश्रवंशीयांसाठी वेगळं चर्चच निघालं, आणि विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राजवटीला धार्मिक आधार देणाऱ्यांत हेच चर्च पुढे होतं. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चनेच १९८२ साली बेलहार इथे एक विश्वासकबुली लिहिली आणि १९८६ साली ती स्वीकारली. माणसांना जन्मावरून वेगळं ठेवणारी शिकवण सुवार्तेच्या विरुद्ध आहे, हे तिचं सार. ‘दुर्बलता’ कोणाची आणि किंमत कोणी मोजली, याचा हिशोब मांडायला सव्वाशे वर्षं लागली.

अंत्युखियात हाच पेच बारा प्रेषितांतल्या पेत्रापुढे आला होता. तिथली मंडळी खरी सरमिसळ. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या तेराव्या अध्यायात तिच्या पुढाऱ्यांची नावं आहेत: कुप्राचा (सायप्रसचा) बर्णबा, ‘निग्र’ म्हणजे काळा असं टोपणनाव असलेला शिमोन, उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, राजघराण्यात हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्साचा शौल, म्हणजेच पौल. ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम याच शहरात पडलं. मला यात एक गंमत वाटते. जोवर सगळे यहूदी होते तोवर बाहेरच्यांना वेगळ्या नावाची गरजच पडली नव्हती. यहूदी आणि ग्रीक एका ताटाभोवती बसू लागले तेव्हा या लोकांना काय म्हणायचं हा प्रश्न पडला.

पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमाहून काही लोक आले तसा तो हळूच पंगतीतून बाजूला झाला, आणि बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने सर्वांसमोर त्याला फैलावर घेतलं, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो ते लपवत नाही. पेत्राचं मत बदललं नव्हतं. चार लोक काय म्हणतील याने तो कचरला. मंडळ्या मोडतात त्या बऱ्याचदा अशाच, मत न बदलता.

हेडफोन कोणाच्या कानात

आता रोजच्या कामाकडे. भाषेपासून सुरुवात करावी लागते, कारण बाकी सगळं तिच्यातून जातं.

सर्वांत साधा मार्ग म्हणजे वाक्यागणिक दुभाषा. उपदेशक एक वाक्य बोलतो, दुभाषा ते दुसऱ्या भाषेत सांगतो. यात पंचवीस मिनिटांचा उपदेश पन्नासावर जातो आणि ज्यांना दोन्ही भाषा येतात ते कंटाळतात. दुसरा मार्ग हेडफोनचा: दुभाषा मागे बसून हलक्या आवाजात माइकवर सांगत राहतो. वेळ वाचतो, पण हे काम मेंदू पिळून काढणारं आहे. व्यावसायिक दुभाषे वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराकडे माइक देतात. मंडळीत मात्र एखादी कॉलेजातली मुलगी दर रविवारी एकटीच दीड तास हे करते आणि तिला उपासना म्हणून काही मिळतच नाही. निदान दोघं-तिघं तयार करा, आणि उपदेशाची टिपणं शुक्रवारपर्यंत त्यांच्या हातात द्या. शास्त्रवचनं कोणती येणार तेही आधी कळवा, म्हणजे दुभाषा छापील बायबल उघडून वाचेल, योहानाचा श्लोक तिथल्या तिथे स्वतः भाषांतरित करत बसणार नाही. शब्दांच्या कोट्या टाळा. पहिल्या रांगा हसतात आणि हेडफोनवाले चार सेकंद उशिरा एकमेकांकडे बघतात.

यापेक्षा मोठा फरक एका छोट्या बदलाने पडतो. महिन्यातून एका रविवारी उपदेश कमी लोकांच्या भाषेत ठेवायचा. त्या दिवशी हेडफोन बहुसंख्यांच्या कानात. मागून येणारा शब्द पकडण्याची धडपड, विनोद उशिरा कळणं, डोळे मिटून प्रार्थना करावी तर आवाज तुटणं, हे सगळं स्वतःच्या कानांनी अनुभवलं की पुढच्या सभेत दुभाष्यासाठी पैसे मंजूर करताना कोणी घासाघीस करत नाही.

गायनाचं थोडं सोपं असतं. दोन्हीकडे माहीत असलेली चाल, पडद्यावर दोन लिपींत शब्द, आणि दुसऱ्यांचं गीत नीट शिकून म्हणणं. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपल्या भाषेत एकाच वेळी म्हणायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पहिल्यांदा गोंगाट वाटतो, तिसऱ्या रविवारपर्यंत लय सापडते. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ साली लोकभाषांना उपासनेत जागा दिली, तेव्हापासून त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्या रूपात आला. लॅटिन सर्वांनाच सारखी परकी होती. लोकभाषा म्हटलं की कोणत्या लोकांची, हे ठरवावं लागतं.

वर्षातून एकदा ‘विविधतेचा रविवार’ साजरा करण्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. रंगीत कपडे, झेंडे, फोटो, आणि सोमवारी सगळं जैसे थे. करू नये असं नाही, पण ते सजावटीच्या खात्यात लिहावं.

खरी परीक्षा कमिटीच्या खोलीत होते. मी एका मंडळीत काही वर्षं कमिटीचं इतिवृत्त लिहायचो. दुसऱ्या भाषेच्या सभासदांतून एका गृहस्थांना आम्ही मोठ्या उत्साहाने कमिटीवर घेतलं. ते प्रत्येक बैठकीला वेळेवर यायचे, मान डोलवायचे, चहा घेऊन जायचे. दोन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर संकोचाने म्हणाले, ‘मी मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या विषयावर असायचात.’ घरी येऊन मी वही चाळली. १९ बैठका. प्रत्येक पानावर त्यांचं नाव ‘उपस्थित’मध्ये आणि खाली माझ्याच अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’.

त्यानंतर आम्ही केलेले बदल अगदी किरकोळ होते. विषयपत्रिका तीन दिवस आधी, दोन्ही भाषांत. ठराव टाकल्यावर मिनिटभर शांतता. मग एकेकाला नाव घेऊन विचारायचं, आणि सुरुवात नेहमीच्या बोलक्यांपासून नाही. मान डोलवण्याचे अर्थही वेगवेगळे असतात हे तेव्हा उमगलं. कुठे ‘हो’ म्हणजे मला पटलं, कुठे ‘हो’ म्हणजे मी ऐकतोय, आणि कुठे वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत ‘नाही’ म्हणणं हाच उद्धटपणा असतो. अशा ठिकाणी मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरी जाऊन बोलणं हाच उपाय. पैशाच्या व्यवहारातही हेच बघावं: बँकेत सह्या कोणाच्या चालतात, कपाटाची किल्ली कोणाकडे, मदतनिधीतून कोणाला किती हे कोण ठरवतं. स्वागत समितीवर सगळ्या रंगांची माणसं आणि अर्थसमितीवर एकाच घराण्याची, ही विभागणी डोळ्यांना लवकर दिसत नाही.

इमारत एक आणि मंडळ्या अनेक, ही व्यवस्थाही जगभर आढळते. सकाळी यजमान मंडळी, दुपारी तीनला दुसऱ्या भाषेची. यात नातं घरमालक-भाडेकरूचं होऊन बसतं: खुर्च्या पुन्हा रांगेत लावल्या नाहीत, लहान मुलांनी भिंतीवर रेघोट्या मारल्या, असल्या चिठ्ठ्या दारावर लागतात. दोन्हीकडची प्रौढ माणसं अनेक वर्षं एकमेकांना फक्त या चिठ्ठ्यांतून ओळखतात. मुलांचं मात्र वेगळं असतं. ती एकाच शाळेत जातात, एकच भाषा बोलतात आणि आईबापांच्या भाषेतला उपदेश त्यांना अर्धाच कळतो. त्यामुळे अशा ठिकाणी जोडणीची सुरुवात सहसा संडे स्कूलपासून होते. मोठ्यांची सभा त्यावर ठराव करते तोपर्यंत मुलांचं नाटक बसवून झालेलं असतं.

भाषा आणि वंश सोडूनही माणूस बाहेर राहू शकतो. व्हीलचेअर दारापर्यंत येते आणि वेदीला तीन पायऱ्या असतात. करिंथच्या मंडळीत प्रश्न घड्याळाचा होता: रिकामा वेळ असलेले श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत, आणि गरीब, ज्यांत दासही असणार, कामावरून सुटून येईपर्यंत काही उरत नसे. एक भुकेला राहतो आणि दुसरा मस्त होतो, असं पौल चिडून लिहितो. त्याने सांगितलेला उपाय दोन शब्दांचा आहे: वाट पाहा. रात्रपाळी करणाऱ्यांच्या मंडळीने रविवार सकाळचा हट्ट का धरावा, हा प्रश्न त्याच जातीचा.

या सगळ्यात जुन्या सभासदांचं काहीतरी जातं, हे मान्य करावं लागतं. आजीच्या काळापासूनची गीतं कमी होतात, उपासना लांबते, आपलं बाक कोणीतरी घेतं. ‘तुम्ही मनाने लहान आहात’ असं त्यांना ऐकवणारे पाळक मी पाहिले आहेत, आणि त्याने कोणाचं मन मोठं झालेलं पाहिलेलं नाही. काय जाणार हे आधी सांगितलं, त्याबद्दल वाईट वाटून घ्यायला जागा दिली, तर बरेच जण राहतात. काही जातात.

आणि त्या सातांचं काय झालं? स्तेफनाला पुढच्याच अध्यायात दगडमार झाला. छळामुळे मंडळी पांगली, आणि वाटपासाठी निवडलेला फिलिप्प शोमरोनात, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांत, जाऊन पोहोचला. तिथून गज्जाच्या रस्त्यावर. एक रथ चालला होता, त्यात आफ्रिकेतल्या कांदके राणीचा खजिनदार यशयाचं पुस्तक मोठ्याने वाचत होता. तो षंढ होता, यहूदी नियमशास्त्राप्रमाणे अशाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. यरुशलेमात उपासना करून तो परतत होता. फिलिप्प रथाशेजारी धावत गेला आणि त्याने विचारलं, वाचताय ते कळतं का? कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार, असं म्हणून खजिनदाराने त्याला वर येऊन आपल्याशेजारी बसायची विनंती केली. फिलिप्प चढून बसला.